वॉलपेपर काढला, आता रंग कधी? भिंतीची तयारी, तिचा हिशोब आणि तुमचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुना वॉलपेपर काढून भिंत रंगासाठी कशी तयार करायची ते बघितलं. पण व्हिडिओत सगळे आकडे बसत नाहीत, आणि हिशोब तर कागदावरच करावा लागतो. म्हणून हा लेख. पेंटिंगचं काम करणाऱ्यांनी आणि ते सुरू करायच्या विचारात असलेल्यांनी तो शेवटपर्यंत वाचा. लेख समोर ठेवून तुम्हाला पहिलं कोटेशन लिहिता आलं पाहिजे, एवढंच आपलं ध्येय आहे.

उदाहरणाला गाव घेऊया इस्लापूर. नांदेड जिल्हा, किनवट तालुका. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गाच्या पट्ट्यातलं, पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचं गाव. तुमचं गाव भोकर असो, हिमायतनगर असो, उदगीर किंवा अहमदपूर असो, गणित तेच आहे.

हे काम आत्ता का वाढतंय?

गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून ऑर्डर केलेला वॉलपेपर गावोगावी पोहोचला. मोबाइल शॉपी, सलून, दवाखान्याची वेटिंग रूम, ब्युटी पार्लर, घरातली टीव्हीमागची भिंत. विटांची डिझाइन, लाकडाची डिझाइन, फुलं. लोकांनी तो का लावला? कारण सोपं होतं. पेंटर नको, धूळ नको, चार दिवस सामान हलवायला नको. मागचा कागद सोलला, भिंतीला चिकटवला, काम झालं.

पण बऱ्याच ठिकाणी खरं कारण वेगळं होतं. भिंतीला ओल होती, पापुद्रे धरले होते, ते झाकायचे होते.

आता त्याच वॉलपेपरच्या कडा सुटल्यात, रंग उडालाय, कोपऱ्यात काळं दिसतंय. मालक म्हणतो, "हे काढून टाका आणि साधा रंग द्या." ही झाली तुमची संधी. आणि धंद्यातला सगळ्यात मोठा खड्डाही इथंच आहे.

किनवट-माहूरचा हा डोंगराळ, जंगलाचा पट्टा. नांदेड जिल्ह्यातल्या बाकीच्या तालुक्यांपेक्षा इथं पाऊस जास्त. पीव्हीसीचा वॉलपेपर भिंतीतली वाफ बाहेर येऊ देत नाही. म्हणजे पावसाळाभर भिंत आतल्या आत ओली राहते आणि वरून छान दिसते. पेपर सोलल्यावरच खरी भिंत कळते.

त्यात आपल्याकडचा हंगाम बघा. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येतो तो दसरा-दिवाळीच्या आसपास. रंगाची कामंही सगळ्यांना त्याच पंधरा-वीस दिवसांत हवी असतात. आणि पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे भिंती सगळ्यात जास्त ओल्या असतात त्याही तेव्हाच. घाईच्या वेळी ओली भिंत, ही आपल्या भागातल्या पेंटरची खरी परीक्षा.

शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळतं. इस्लापूरएवढ्या गावात एका दुकानाची भिंत सोलली, तर तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "हे कुणी रंगवलं?" म्हणून रंगाआधीची तयारी हा तुमच्या नावाचा प्रश्न आहे.

आधी ओळखा: कागद कोणता, गोंद कोणता?

भिंतीला हात लावायच्या आधी एका कोपऱ्यातून चार बोटं पेपर सोलून बघा. साधारण चार प्रकार सापडतात.

१. स्टिकर वॉलपेपर. पातळ पीव्हीसी, मागं चिकट थर. हा गोंद पाण्यात विरघळत नाही. इथं उष्णता कामी येते.

२. कागदी पाठीचा व्हिनाइल. दुकानातून घेतलेला, ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फुटांचा रोल. वरचा प्लास्टिकचा थर निघतो, पण मागचा कागद आणि खळ भिंतीवर राहते. ही खळ बहुतेक वेळा पाण्यात सुटते.

३. नॉन-वोव्हन पाठीचा पेपर. कापडासारखी पाठ असते. चांगला लावला असेल तर पूर्ण पट्टा कोरडाच निघतो. हे तुमचं नशीब.

४. फोमच्या ३डी विटा. सगळ्यात त्रासदायक. फोम फाटून निम्मा भिंतीवर राहतो. त्यात कुणी कडा सुटू नयेत म्हणून फेविकॉल लावला असेल, तर ती जागा कोमट पाण्यानं फक्त मऊ होते, विरघळत नाही. खरडावीच लागते.

आणि एक गोष्ट विचाराच, "काका, हे चिकटवलं तेव्हा खाली काय होतं? चुना, डिस्टेंपर, ऑइल पेंट की नुसती पुट्टी?" या एका प्रश्नावर तुमचे दोन दिवस अवलंबून आहेत. पेपर थेट कच्च्या पुट्टीवर चिकटवला असेल, तर तो पुट्टीचे तुकडे घेऊनच खाली येतो.

पायरी १: पेपर काढणं

सगळ्यात आधी त्या खोलीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा. ओल्या भिंतीत चालू बोर्ड म्हणजे जिवाशी खेळ. बोर्डांवर प्लास्टिक आणि टेप लावा, फरशीवर ताडपत्री किंवा जुनी चादर टाका. ड्रायर किंवा हीट गन वापरायची असेल तर वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.

स्टिकर असेल तर ड्रायरनं एक-एक फूट गरम करत चला आणि पेपर भिंतीला समांतर, सावकाश ओढा. झटका दिला की खालची पुट्टी निघते.

कागदी पाठ असेल तर आधी वरचा प्लास्टिकचा थर सोला. तो निघत नसेल तर त्यावर हलक्या हातानं चिरे पाडा, म्हणजे पाणी आत जाईल. मग कोमट पाण्यात थोडा लिक्विड साबण टाकून स्प्रे करा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, पाणीच तुमचं निम्मं काम करतं. नंतर रुंद पत्तीनं, पत्ती तिरपी धरून खरडा. कोपरा रुतला की गिलाव्याला खड्डा पडतो आणि तो खड्डा पुन्हा तुम्हालाच भरायचा असतो.

मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर पाण्याचा मारा करू नका. थोडं शिंपडा, थोडं खरडा.

पायरी २: गोंद धुणं, जिथं नव्वद टक्के लक्ष द्यायचं

पेपर निघाला की भिंत स्वच्छ दिसते. इथंच बरेच जण फसतात. गोंद वाळला की दिसतच नाही. पण त्यावर पाण्याचा प्रायमर लागला की तो पुन्हा मऊ होतो, वाळताना आकसतो आणि वरचा रंग ओढून धरतो. मग बारीक भेगा, फुगे, पिवळट-तपकिरी डाग.

दोन बादल्या ठेवा. एकात कोमट साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. स्पंजनं वरून खाली धुवा आणि पाणी गढूळ झालं की बदला. तेच पाणी फिरवलं तर गोंद एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो, एवढंच.

गोंद गेला का, हे तपासायच्या तीन सोप्या पद्धती:

- ओला हात भिंतीवर फिरवा. बुळबुळीत लागलं तर गोंद आहे.
- पाण्याचा स्प्रे मारून ब्रशनं घासा. फेस आला तर गोंद किंवा साबण शिल्लक आहे.
- मैद्याची किंवा स्टार्चची खळ असल्याचा संशय असेल तर जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात मिसळून एक थेंब लावा. जागा निळी-काळी झाली तर स्टार्च आहे. सगळ्या गोंदांना हा रंग येत नाही, म्हणून पहिल्या दोन पद्धती सोडू नका.

स्टिकरचा चिकटा पाण्यानं जात नाही. तिथं कपड्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन छोट्या जागेवर आधी बघा, मग पुसा. खिडक्या उघड्या, बिडी-सिगारेट बंद, देवापुढची समईसुद्धा तेवढ्या वेळापुरती बंद. नंतर साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढा. कच्च्या पुट्टीवर टर्पेंटाइन मुरतं. तिथं वरचा चिकट थरच खरडून काढलेला बरा.

पायरी ३: ओल, खार आणि बुरशी

भिंत धुतली म्हणजे ओली झालीच. पंखे लावा, खिडक्या उघडा आणि किमान दोन दिवस सोडा. मग ओल तपासा. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपनं भिंतीला पक्क्या करा आणि एक दिवस-एक रात्र ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत काळपट पडली तर ओल भिंतीच्या आतून येतेय. या चाचणीचा खर्च जवळपास शून्य आहे आणि तीच तुमची हजारोंची नुकसानी वाचवते.

आता ओल येते कुठून ते वाचा. वरून खाली पसरत असेल तर छत किंवा बाहेरची भेग. एका ठिकाणी गोल डाग असेल तर पाइप. जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत एकसारखा पट्टा असेल तर जमिनीतली ओल वर चढतेय. तिथंच बहुतेक वेळा पांढरी पावडर दिसते. तो खार. खार कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो.

नीट ऐका, ओलीवर पुट्टी हा इलाज नाही. आतून वॉटरप्रूफ कोट मारून पाणी थांबत नाही, ते शेजारून वाट काढतं. आधी बाहेरची भेग, गच्चीचा उतार, पाइप किंवा भिंतीलगत साचणारं पाणी. मग आतली भिंत.

काळी-हिरवी बुरशी असेल तर ती कोरडी झाडू नका, कण घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, बुरशीनाशक द्रावण डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावा, थांबा, धुवा, वाळवा. ब्लीच वापरत असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

पायरी ४: खरडणं, भरणं, पुट्टी

भिंत कोरडी झाली की तळवा फिरवा. हात पांढरा झाला तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो पूर्ण निघाला पाहिजे. मग चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे पापुद्रे आले तर जुना रंगच धरून नाही. तो घट्ट थर लागेपर्यंत खरडा.

एक इशारा. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे वॉलपेपरच्या खाली त्याआधीचा जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. ओला करून घासा, एन९५ मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि कचरा अंगणात न झाडता पिशवीत भरा. साध्या पुट्टीची धूळसुद्धा फुफ्फुसाला चांगली नाही. तोंडाला रुमाल बांधून काम भागत नाही.

भेगा भरताना बारीक भेग आधी पत्तीच्या टोकानं थोडी उघडा, धूळ काढा, मग भरा. मोठा खड्डा असेल तर सिमेंटचा गिलावा करावा लागतो. नव्या सिमेंट गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायचं, आणि रंगाआधी साधारण २८ दिवस थांबायचं. दिवाळी दहा दिवसांवर असताना भिंतीला फूटभर गिलावा लागणार हे दिसलं, तर त्याच दिवशी मालकाला सांगा.

पुट्टी कोणती? उघड्या सिमेंट गिलाव्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालते, भिंत आधी थोडी ओलसर करून. पण जुन्या रंगावर ती नीट धरत नाही. खाली घट्ट जुना रंग असेल तर आधी घासून प्रायमर आणि मग ॲक्रिलिक पुट्टी. दोन पातळ हात मारा. खड्डा खोल आहे म्हणून पुट्टीचा जाड थर देऊ नका, तो तडकतो. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या आत राहिले पाहिजेत.

वाळल्यावर पॉलिश पेपर मारा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा लावा. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावलीत दिसतो. हे तपासणं मालकाच्या समोर करा. तुमच्या कामावरचा विश्वास तिथंच बसतो.

पायरी ५: प्रायमर

गोंद पूर्ण गेलाय, भिंत कोरडी आहे, तर पाण्याचा प्रायमर. धुऊनही काही ठिकाणी गोंदाचा संशय असेल तर त्या कोरड्या, जुन्या भिंतीवर ऑइल बेस प्रायमर. तो गोंदाला पुन्हा ओला करत नाही, खाली दाबून ठेवतो. त्याला वास असतो आणि वाळायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर खोली मोकळी ठेवा. ओल्या भिंतीवर किंवा ताज्या गिलाव्यावर तो मारू नका.

शंका असेल तर एक चौरस फुटाचा तुकडा करा. प्रायमर, दोन हात रंग, दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावून ओढा. निघाला नाही, तर पुढं चला.

आता हिशोब: "स्क्वेअर फुटाला किती?" या प्रश्नाचं उत्तर

गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं. आणि नवखा पेंटर तिथंच पटकन आकडा सांगून मोकळा होतो. चला, एक उदाहरण सोडवू. दर तुमच्या गावाचे टाका, इथले आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच. म्हणजे १२० चौरस फूट वॉलपेपर. समजा पेंटरची हजेरी ७०० रुपये, हेल्परची ४५०. दोघांचा दिवस ११५०.

- पेपर काढणं आणि गोंद धुणं, १ दिवस: ११५० रुपये
- खरडणं, भेगा, पुट्टीचे दोन हात, १ दिवस: ११५० रुपये
- घासणं आणि प्रायमर, अर्धा दिवस: ५७५ रुपये
- रंगाचे दोन हात, अर्धा दिवस: ५७५ रुपये
- मजुरी एकूण: ३४५० रुपये
- पॉलिश पेपर, टेप, प्लास्टिक, स्पंज, पेट्रोल: समजा ४५० रुपये
- खर्च एकूण: ३९०० रुपये
- १५ टक्के नफा: ५८५ रुपये
- कोटेशन: ४४८५, म्हणजे ४५०० रुपये. रंग-पुट्टी-प्रायमर वेगळं.

आता तुम्ही साध्या रंगकामाचा दर १२ रुपये फूट सांगून बसला असता, तर १२० फुटांचे मिळाले असते १४४० रुपये. खर्च ३९००. खिशातून गेले २४६० रुपये. एका भिंतीत! आणि मग तो तोटा भरून काढायला पेंटर काय करतो? गोंद धुणं सोडतो, पुट्टीचा एक हात कमी करतो. दोन महिन्यांत भिंत सोलते. दर चुकला की काम चुकतंच.

उपाय काय? एकच आकडा सांगू नका, दोन ओळी लिहा. रंगकाम: १२० फूट × १२ = १४४० रुपये. भिंतीची तयारी: ३०६० रुपये, म्हणजे फुटाला साडेपंचवीस. गिऱ्हाईकाला दिसतं की पैसा कशाचा आहे. बाजूच्या तीन भिंतींना वॉलपेपर नसेल तर त्यांना तयारीचा हा दर लागणार नाही, हेही त्याला कळतं.

मालाचा अंदाजही काढून ठेवा. पुट्टी दोन हातांना किलोला १२ फूट धरली तर १० किलो. प्रायमर लिटरला १०० फूट धरला तर १.२ लिटर. रंग दोन हातांना लिटरला ५० फूट धरला तर २.४ लिटर. खरबडीत भिंत जास्त खाते, म्हणून डब्यावरचा आकडा हा चांगल्या भिंतीचा असतो हे लक्षात ठेवा. एक लिटर कमी पडला म्हणून किनवटला किंवा नांदेडला पळावं लागलं, तर दोन माणसांचा अर्धा दिवस आणि पेट्रोल तुमच्या खिशातून जातं.

कोटेशनमध्ये ही चार वाक्यं हवीतच

१. "वॉलपेपर काढल्यावर गिलावा सुटलेला, ओल किंवा खार आढळल्यास त्याचा खर्च फोटो दाखवून, मालकाच्या होकारानंतर वेगळा धरला जाईल."

२. "ओल तपासणीत भिंत कोरडी आढळल्यावरच रंग दिला जाईल."

३. "काम सुरू करताना ४० टक्के, प्रायमर झाल्यावर ४० टक्के, काम पूर्ण झाल्यावर २० टक्के."

४. "रंग सोलल्यास एक वर्षात मोफत दुरुस्ती. छत, पाइप किंवा बाहेरून आलेल्या पाण्यामुळे झालेलं नुकसान यात येत नाही."

हे व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर आल्यावरच पत्ती हातात घ्या. गावात सगळे ओळखीचेच असतात, म्हणून लिहून घ्यायला संकोच वाटतो. पण ओळखीच्या माणसाशीच वाद व्हायला नको म्हणून लिहायचं असतं.

दिवाळीच्या घाईत काय बोलायचं?

हे संभाषण पाठ करून ठेवा.

"दादा, दिवाळीच्या आत झालं पाहिजे बरं का. पाहुणे येणारेत."

"काका, पेपर उद्याच काढतो. पण प्लास्टिक लावून बघितलं, ही खालची तीन फूट भिंत आतून ओली आहे. आज रंग मारला तर दिवाळीला लई भारी दिसंल, पण संक्रांतीला पापुद्रे धरंल. मग तुम्ही मलाच बोलवणार."

"मग काय करायचं म्हणता?"

"बाकीच्या तीन भिंती दिवाळीच्या आत पूर्ण करून देतो. ही भिंत धुऊन, खरडून स्वच्छ करतो आणि मोकळी सोडतो. पुढं थोडं अंतर ठेवून पडदा लावू, पाहुण्यांना दिसणार नाही. बाहेरची भेग मिस्त्रीकडून भरून घ्या. फेब्रुवारीत येतो, परत तपासतो, कोरडी असली की रंग देतो. त्या भिंतीच्या रंगाचे पैसे तेव्हाच द्या."

यात काय झालं बघा. गिऱ्हाईकाची दिवाळी साजरी झाली. तुमचं नाव शाबूत राहिलं. आणि फेब्रुवारीत, लग्नसराईच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत, एक काम आधीच बुक झालं. काही काका ऐकणार नाहीत, दुसऱ्याला बोलावतील. जाऊ द्या. धुतलेल्या भिंतीचा आणि प्लास्टिकच्या चाचणीचा फोटो जपून ठेवा, एवढंच.

सुरुवातीला काय लागतं?

मोठं भांडवल लागत नाही. रुंद आणि अरुंद पत्ती, स्प्रे पंप, दोन बादल्या, स्पंज, ड्रायर किंवा हीट गन, पॉलिश पेपर, रोलर-ब्रश, घोडी, ताडपत्री, टेप, एन९५ मास्क, चष्मा, हातमोजे. काम वाढल्यावर ओल मोजायचं मीटर आणि धूळ ओढणारी सँडिंग मशीन.

कागदपत्रांचं थोडक्यात:

- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
- मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. हत्यारांसाठी तेवढं पुरतं.
- पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात राजमिस्त्री आणि सुतार आहेत, पेंटर त्या यादीत नाही. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.
- इमारत बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. रंगकाम त्यात येतं. स्वतःची आणि हेल्परची, दोघांची करून घ्या.
- सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

गिऱ्हाईक आणायचं कुठून?

आपल्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. कडा सुटलेला वॉलपेपर असलेली दुकानं वहीत लिहा. बहुतेक मालकांना तो काढायचाय, पण "काढल्यावर भिंतीचं काय होईल" याची भीती आहे. तुम्ही जाऊन म्हणा, "काका, एक कोपरा फुकट तपासून देतो." चार बोटं पेपर, एक प्लास्टिकची चाचणी, दुसऱ्या दिवशी लेखी कोटेशन. पंधरा मिनिटांचं काम आहे. रंग सगळेच मारतात. भिंत तपासून, लिहून देणारा पेंटर गावात बहुधा तुम्ही एकटेच असाल.

या आठवड्याचं काम

तुमच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातली एक भिंत निवडा. दीड फुटाचं प्लास्टिक लावा, दुसऱ्या दिवशी काढून फोटो घ्या. त्या भिंतीचं वरच्या पद्धतीनं दोन ओळींचं कोटेशन लिहा, तुमच्या गावच्या हजेरीचे आकडे टाकून. फुटाचा दर काय आला ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये कळवा. गावाचं नावही लिहा, म्हणजे नांदेड-लातूरकडच्या मित्रांना एकमेकांचे दर समजतील. पुढच्या भागात बघूया, दोन माणसांच्या टीमची चार माणसांची टीम करताना हजेरी आणि अंगावरचं काम यांचा मेळ कसा घालायचा.

तोपर्यंत, भिंत कोरडी, हिशोब पक्का!